कडा कापलेला नकाशा

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जिथे रस्ता जात नाही आणि वर्षातले बरेच महिने पाणी गोठलेलं असतं, तिथल्या एका तळ्याला एका वैमानिकाचं नाव आहे. सरकारी नकाशावर ते छापलेलं आहे. पण ते चुकीच्या तळ्यावर पडलं आहे. ते तिथे मी नेऊन ठेवलं, कुवेतमधल्या एका ड्रॉइंग ऑफिसात बसून. फ्रीजरमधला सोडला तर मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. एकदा नळ बंद केलाय का बघायला, एकदा खिडकी लावायला, आणि एकदा काहीच कारण नसताना. आता बायकोने खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आहे.

आखाती लढाई संपल्यानंतरच्या वर्षी आम्ही कुवेतला गेलो. बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, मला तेल कंपनीच्या कामावर ड्राफ्ट्समन म्हणून घेतलं. राहायला अब्बासियात. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावरच्या बकाल्यासमोर, म्हणजे किराणा दुकानासमोर, यायची आणि अहमदीला नेऊन सोडायची. लढाईत पेटवलेल्या तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, पण न जळता वाहिलेलं तेल वाळवंटात जागोजाग साचून त्याची तळी झाली होती. काळी, चकचकीत, वरून पाण्यासारखी दिसणारी. दमलेले पक्षी पाणी समजून त्यांत उतरायचे. विमानातून काढलेल्या फोटोंवरून या तळ्यांच्या कडा नकाशावर उतरवायच्या, हे माझं काम. प्रत्येक तळ्याला एक नंबर होता. दर वर्षी नवे फोटो यायचे आणि आम्ही पुन्हा कडा काढायचो.

आमच्या विभागाचा प्रमुख एक कॅनेडियन होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, उंच, मानेवर कायम उन्हाने सोललेली कातडी. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला चीफ म्हणायचा, त्यामुळे नवीन माणसाला कोण कोणाच्या हाताखाली आहे ते कळत नसे. तो माझ्या खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलाशी उभा राहून नंबर वाचायचा आणि मान हलवायचा.

"तळ्याला नंबर! आमच्या उत्तरेत इतकी तळी आहेत की अजून निम्म्यांना काहीच नाव नाही. ज्यांना द्यायचं ते माणसाचं देतात. तिथे कोणी उतरलं असेल, कोणी मेलं असेल, त्याचं."

"तुमच्या नावाचं आहे का एखादं?" मी विचारलं.

"माझ्या नाही. पण एकाच्या नावाचं व्हायला हवं होतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

ते एकजण म्हणजे त्याचे वडील, हे मला महिन्याभराने कळलं. त्या मुलखात रस्ते नव्हते तेव्हा लहान विमानं घेऊन टपाल, औषधं, आजारी माणसं नेणारे जे पहिले काही वैमानिक होते, त्यांतले ते एक. तिकडे त्यांना बुश पायलट म्हणतात. विमानाला चाकांऐवजी तराफे लावून तळ्यावर उतरायचं, आणि थंडी पडली की तराफे काढून घसरपट्ट्या लावायच्या. साहेब सात वर्षांचा असताना वडील उत्तरेत गेले ते परतले नाहीत. मेले नाहीत. फक्त घरी आले नाहीत. साहेब दक्षिणेतल्या एका शहरात आईजवळ वाढला, वडिलांचा विषय घरात बंद होता, आणि उत्तरेत तो कधी गेलाच नाही.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत वडिलांची एक वही मिळाली. तो ती कुवेतला घेऊन आला होता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

वहीत एका उड्डाणाची हकिकत होती. साहेबाच्या जन्मानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडाची. नदीकाठच्या एका व्यापारी ठाण्यावरून वडील दोन माणसांना घेऊन निघाले, वाटेत इंजिनाची तेलाची नळी फुटली, ते एका तळ्यावर उतरले आणि दोन दिवसांत तळं गोठलं. सहा आठवडे तिघे तिथे अडकले. वडिलांनी बर्फाला भोक पाडून मासे धरले आणि तिघांना जगवलं. एका पानावर पेन्सिलीने बेटाचं चित्र होतं, दोन उंचवटे आणि मधे बारीक कंबर. त्याच्याखाली एक ओळ: पोराला आता दात आले असतील.

साहेब ती ओळ बोटाने दाखवून म्हणाला, "माझ्याबद्दल त्यांनी लिहिलेलं एवढंच आहे. मला ते तळं शोधून दे, चीफ. त्याला त्यांचं नाव मिळवीन आणि एकदा तिथे जाऊन बसेन. त्यांच्यावर चिडायचं की नाही ते तिथे बसून ठरवीन."

त्याच्या बाजूने एवढंच पणाला लागलं होतं. एवढंच म्हणतो मी.

वहीत तळ्याची जागा अशी दिली होती: ठाण्यावरून निघालो, होकायंत्रावर अमुक इतके अंश, पन्नास मिनिटं उडालो, वारा नव्हता. विमानाचा वेग दुसऱ्या एका पानावर होता. माझ्यासारख्याला हे गणित म्हणजे पोरखेळ. साहेबाने त्या भागाचे दोन नकाशे, प्रत्येकाच्या दोन प्रती, टपालाने मागवले. ठाणं एकावर होतं, तळी दुसऱ्यावर. दोन शीट जोडायचे तर आम्ही जे नेहमी करायचो तेच केलं. पोलादी पट्टी लावून पांढऱ्या कडा ब्लेडने कापल्या, रेघेला रेघ भिडवली आणि मागून टेप लावली. कापलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. ठाण्यापासून कोन मोजला, रेघ ओढली, अंतर टाकलं. रेघ जिथे संपली तिथे एक बिननावाचं तळं होतं आणि त्यात एक बेट होतं.

शेजारच्या टेबलावर मालवणचे एक सर्व्हेअर बसायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डोकावलं.

"काय ओ, हंयची तेलाची तळी संपली काय, म्हणान आता बर्फाची काढतास?"

"साहेबांचं खासगी काम आहे."

"काढा, काढा. उद्या साहेब तुमच्या नावाचा डबका काढतलो."

मी हसलो. मला मनातून फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो. नकाशे काढून आयुष्य गेलं, पण माझ्या रेघेवरून जगात कुठे एखादं नाव लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

साहेबाने नकाशा पाहिला. मग वही उघडून शेजारी धरली. एकदा इकडे, एकदा तिकडे बोट फिरवलं.

"चीफ, त्यांनी बेट दोन उंचवट्यांचं काढलंय. मधे कंबर आहे. हे तर सरळ लांबट आहे."

"साहेब, हा लहान स्केलचा नकाशा. एवढी कंबर त्यात भरून जाते. शिवाय पाण्याची पातळी. पाणी उतरलं की बेटाचा आकार बदलतो. आपल्या तेलाच्या तळ्यांचंही दर वर्षी तसंच होतं, बघता ना तुम्ही."

मी हे अगदी ठामपणे सांगितलं. तो उत्तरेत जन्मात गेला नव्हता, आणि मी पंचवीस वर्षं नकाशे काढत होतो. त्याने वही मिटली. त्याला शंका आली होती, ती खरी होती, आणि ती मी मोडली. कबूल करायची ही पहिली गोष्ट. तेव्हा मला चूक माहीत नव्हती, म्हणून हिचं ओझं त्यातल्या त्यात कमी.

अर्ज गेला. दीड-दोन वर्षं पत्रव्यवहार चालला. मग एक दिवस तिकडच्या सरकारचं पत्र आलं, सोबत नकाशाचा तुकडा आणि त्यावर वडिलांचं आडनाव. साहेबाने फहाहीलच्या बेकरीतून निळ्या क्रीमचा केक आणला, त्यावर पांढऱ्या क्रीमचं विमान. पहिला तुकडा त्याने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. मालवणकर म्हणाले, "लग्नात नवऱ्याक पण एवढा मान नसता." पुढच्या उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर, साहेब तिथे जाणार असं ठरलं. तिकडून एक लहान विमानही ठरवलं.

त्यानंतरच्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. नववीत होती. मी भेंडी चिरत होतो.

"बाबा, व्हॉट इज मॅग्नेटिक डेक्लिनेशन?"

"मराठीत विचार."

"मराठीत मला नाही येत. तुम्हाला येतं का ते सांगा."

मी सांगायला लागलो. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, थोडी बाजूला बघते. तो कोन म्हणजे डेक्लिनेशन. कुवेतमध्ये तो इतका थोडा आहे की आम्ही साध्या कामात धरतच नाही. आमच्याकडे भारतात तर त्याहून कमी.

"सो इट्स ऑल्वेज स्मॉल?"

"नाही, नाही. जागेप्रमाणे बदलतो. उत्तर ध्रुवाच्या बाजूला गेलं की..."

माझी सुरी भेंडीतच थांबली. तिने मान वर करून पाहिलं. "बाबा? कट झालं का बोट?"

बोट कापलं नव्हतं. मी सुरी ठेवली आणि बाल्कनीत गेलो. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मी परत आत आलो, परत बाहेर गेलो. त्या दिवशी भेंडी बायकोने चिरली.

शनिवारी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचलो. त्या नकाशाच्या दुसऱ्या प्रती आमच्या कपाटात होत्या, कडा शाबूत असलेल्या. उजव्या पांढऱ्या कडेत, खाली, एक छोटी आकृती होती. दोन बाण, त्यांच्यामधे कोन, आणि कोनाचा आकडा. पस्तीस अंशांच्या आसपास. मी जी पट्टी ब्लेडने कापून टोपलीत टाकली होती, त्याच पट्टीवर हे छापलेलं होतं. कुवेतमध्ये वीस वर्षं काम केलं असतं तरी कडेची ती आकृती वाचायची गरज पडली नसती, आणि म्हणून मी ती वाचली नव्हती. वडिलांनी होकायंत्रावरचे अंश लिहिले होते. मी ते खरे अंश धरले.

कोन दुरुस्त करून रेघ पुन्हा ओढली. ती ईशान्येला न जाता जवळजवळ थेट पूर्वेला गेली आणि एका दुसऱ्याच तळ्यावर थांबली. नाव दिलेल्या तळ्यापासून सत्तर-एक किलोमीटरवर. त्या तळ्यात एक बेट होतं. दोन फुगवटे, मधे बारीक कंबर. त्याच लहान स्केलवर कंबर स्वच्छ दिसत होती.

मी नकाशा गुंडाळून कपाटाच्या मागे उभा करून ठेवला.

साहेब जुलैत निघणार होता. माझ्या हातात चार महिने होते. या चार महिन्यांत मी त्याच्या केबिनच्या दारापर्यंत किती वेळा गेलो ते मोजलं नाही. दर वेळी हातात दुसरा कुठला तरी कागद असायचा, मी त्यावर सही घेऊन परत यायचो. एकदा उत्तरेच्या तेलक्षेत्रात आम्ही दोघंच जीपमधून जात होतो. समोर सपाट वाळवंट, दोन तास रस्ता. तो वडिलांबद्दल बोलत होता. तिथे पोचल्यावर वहीतली ती ओळ मोठ्याने वाचणार आहे, म्हणाला. मी म्हणालो, "साहेब, एक बोलायचं होतं." तो म्हणाला, "बोल ना." मी म्हणालो, "तिकडे डास फार असतात म्हणे. जाळी न्या."

कारणं माझ्याकडे होती. माझा करार दर वर्षी त्याच्या शिफारशीवर वाढायचा. मुलीची दहावी तोंडावर होती. पण खरं कारण याहून लहान होतं. त्याने मला केक भरवला होता. आणि माझी रेघ चुकली, तीही पहिल्या वर्षाच्या पोराने चुकावी तशी, हे मालवणकरांसमोर, सगळ्या ऑफिससमोर कबूल करायचं होतं.

बायकोला मात्र सांगितलं. ती ड्यूटीवरून आली होती, पाय सोडून बसली होती.

"अहो, मग सांगून टाका की."

"एवढं सोपं आहे का ते?"

"सोपं कोण म्हणतंय? आमच्याकडे पेशंटला चुकीचं औषध गेलं तर आधी डॉक्टरांना सांगायचं, मग कागदावर लिहायचं, खाली आपली सही. मी दोनदा लिहिलंय. जीवावर येतं. पण पेशंट खाटेवर असतो ना, तो वाट बघत नाही."

"इथे कोणी मरत नाहीये."

"बरं," ती म्हणाली आणि पाय आवरून उठली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. तिने काढावा म्हणून मी वाट बघत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी साहेब माझा तो जुना नकाशा घेऊन आला. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एकीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. एकाच माणसाने दोन्हींत सही करायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. हा नकाशा खासगी, म्हणून दुसरी चौकट मोकळीच राहिली होती.

"उद्या वैमानिकाला हाच देणार आहे," तो म्हणाला. "एकदा शेवटचं बघ, चीफ. बरोबर आहे ना?"

मी खाली वाकून बघितल्यासारखं केलं. खिशातलं पेन काढलं आणि मोकळ्या चौकटीत सही केली.

"शंभर टक्के," मी म्हणालो.

इतकी वर्षं लोकांना मी यातला अर्धा भाग सांगत आलो. नकाशात चूक झाली, नंतर लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. उशीर झाला नव्हता. तो माझ्यासमोर उभा होता.

ऑगस्टच्या शेवटी साहेब परत आला. मान, हात, कानामागे डास चावल्याचे लाल डाग. त्याने फोटो दाखवले. करडं पाणी, बुटकी झाडं, लांबट बेट. ऑफिसातले सगळे गोळा झाले, मालवणकरांनी पाण्यात मगरी असतात का विचारलं, हसणं झालं, सगळे पांगले. मग तो माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसला.

"दोन दिवस राहिलो तिथे," तो हळू म्हणाला. "ओळ मोठ्याने वाचली. वाटलं होतं रडेन, किंवा शिव्या तरी घालेन. काही झालं नाही. काहीच वाटलं नाही, चीफ. विमान परत कधी येतं याची वाट बघत बसलो होतो. बाप जिथे मरता मरता वाचला, जिथे त्याला माझी आठवण आली, तिथे मी बसलोय आणि माझ्या आत काही हलत नाही. आई म्हणायची, तू त्यांच्यासारखाच कोरडा आहेस. खरं असावं."

मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो, "प्रवासाचा थकवा असेल, साहेब."

सत्तर किलोमीटरची चूक मी कधीतरी स्वतःला माफ केली असती. हे वाक्य मला माफ करता येत नाही. एक माणूस माझ्यासमोर बसून स्वतःला दगड ठरवत होता आणि तो दगड का नाही हे सांगणारा कागद माझ्या पाठीमागच्या कपाटाआड होता. मी हात लांब केला असता तर पोचला असता.

पुढची साडेतीन वर्षं आम्ही रोज भेटत होतो. त्याने वही पुन्हा ऑफिसात आणली नाही. दोन हजार तीनमध्ये शेजारी इराकमध्ये लढाई सुरू होणार हे दिसायला लागलं, तेव्हा त्याच्या वकिलातीने आपल्या लोकांना निघायला सांगितलं. आमचा निरोप लिफ्टसमोर पाच मिनिटांत झाला, दोघांच्या खांद्याला गॅस मास्कची पिशवी. त्यानंतर नवीन वर्षाची दोन कार्डं आली. मग आली नाहीत. आणखी काही वर्षांनी मीही नोकरी संपवून नाशिकला आलो.

गेल्या वर्षी मुलीने लॅपटॉपवर उपग्रहाचे फोटो कसे बघायचे ते दाखवलं. पहिल्यांदा मी ते खरं तळं शोधलं; बेटाची कंबर स्वच्छ दिसली. मग मात्र मला घरात बसवेना. जुन्या कार्डावरच्या पत्त्यावर सगळं लिहून पाठवलं, खऱ्या तळ्याचा नकाशा सोबत. तिकडच्या सरकारी कार्यालयालाही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की अर्ज मिळाला, विचार होईल, तोवर नाव आहे तिथेच राहील.

घरच्या पत्त्यावरून उत्तर आलं ते साहेबाच्या मुलीचं. साहेब पाच वर्षांपूर्वी गेला. तिने लिहिलं होतं: त्या तळ्याचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, माझ्यात काहीतरी कमी आहे, मी तिथे जाऊन पाहिलंय. आम्ही लहानपणापासून त्यांना मिठी मारणारे म्हणून ओळखत होतो, तरी ते असंच म्हणायचे. तुमचं होकायंत्राचं गणित मला समजलं, ते पुन्हा लिहू नका. त्यांनी परत आल्यावर तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही काय सांगायला हवं होतं, तेवढं तुमच्या हाताने लिहून पाठवा. मला ते त्यांच्या थडग्यापाशी वाचायचं आहे.

चार दिवस मी त्या कागदाशी झगडलो. पहिल्या मसुद्यात माझ्या कराराबद्दल लिहिलं, फाडला. दुसऱ्यात क्षमा इतक्या वेळा मागितली की साहेबाचा पत्ताच नव्हता. तिसऱ्यात नकळत पुन्हा पस्तीस अंश आले. काल दुपारी शेवटी एवढंच उरलं आणि ते मी इंग्रजीत, ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या मोठ्या अक्षरांत लिहिलं. मराठीत ते असं होतं:

साहेब, तुम्हाला तिथे काही वाटलं नाही, कारण तुमचे वडील तिथे कधीच नव्हते. ते पलीकडच्या तळ्यावर होते. तुम्ही बरोबर होतात, बेटाला कंबर आहे. मला हे तुम्ही निघण्याच्या चार महिने आधीपासून माहीत होतं.

खाली सही केली. पोस्टात दिला. पावती खिशात आहे, आणि कागद तिथे पोचेपर्यंत मला काही एका जागी बसता येणार नाही.